घुग्घुसची नाहीद आणि फाटणारे तारे

घुग्घुसच्या बाजारात नबीलचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या खोक्यांमध्ये मांडलेले कॉम्प्युटर, दारात पाण्याचा माठ, आणि आत कायम कोळशाची बारीक धूळ. निकाल पाहणारी पोरं येत, नोकरीचे अर्ज भरणारे येत, कधी खाणीतला एखादा कारकून मेल पाठवायला येई. पण भिंतीकडचा एक कॉम्प्युटर कुणालाच मिळत नसे. त्याच्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकत असत, बाकी काही नाही. कुणी विचारलं तर नबील सांगे, "तो खराब हाय."

तो खराब नव्हता. त्यावर त्याच्या थोरल्या बहिणीचं, नाहीदचं काम चाले. त्या ओळींतली प्रत्येक ओळ म्हणजे एका ताऱ्याचा ठावठिकाणा. तारा आत्ता कुठे आहे, कोणत्या वेगाने कुठे निघाला आहे, आणि मधल्या दोन राक्षसी कृष्णविवरांपासून किती दूर आहे.

नाहीद कोरपन्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायची. सकाळी काळीपिवळी जीपमध्ये बसून भोयेगावच्या पुलावरून जायचं, सिमेंटच्या ट्रकांमागे अडकायचं, आणि दुपार कलली की तसंच परत यायचं. नागपूरच्या विद्यापीठात तिचं पीएच.डी.चं नाव नोंदवलेलं होतं. आणि एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. वर्गात शिकवताना ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. घरी ताट हातात घेऊन अंगणात फिरत जेवायची. तिची आई, खैरुन, म्हणायची, "या पोरीच्या पायाले कोणं चाक लावले, अल्ला जाने."

वडील बाबूभाई ताडपत्री शिवत. वणी रोडला त्यांचं दुकान होतं. खाणीतून कोळसा घेऊन निघालेल्या ट्रकांच्या फाटक्या ताडपत्र्या त्यांच्याकडे येत. ते जमिनीवर मांडी घालून, जाड सुईने, दिवसभर सांधत बसत. त्यांना मुलीच्या शिक्षणाचं कौतुक होतं, पण ती नेमकं करते काय ते कळत नसे. एकदा त्यांनी सरळच विचारलं.

"नाहीद, लोक विचारतात तुही पोरगी काय शिकून राह्यली. मी काय सांगू?"

नाहीदने थोडा विचार केला. "अब्बा, ताडपत्रीचं एक टोक धावत्या ट्रकले बांधलं अन् दुसरं हळू चालणाऱ्या ट्रकले, तं काय होईन?"

"फाटन. दुसरं काय होईन?"

"तेच. कृष्णविवर म्हणजे लई मोठं वजन. लाखो सूर्य एका ठिकाणी कोंबल्यासारखं. तारा त्याच्या फार जवळून गेला तं ताऱ्याचं जवळचं टोक जास्त जोरात ओढलं जाते, दूरचं कमी. मंग तारा लांब होते, अन् फाटते."

"पुरा तारा?"

"पुरा. अर्धा माल फेकला जाते, अर्धा कृष्णविवरात पडते. पडता पडता असा पेटते का महिनोन् महिने दुरून दिसते."

बाबूभाईंनी सुई थांबवली. "अन् हे रोज होते?"

"नाई अब्बा. एका ठिकाणी दहा-दहा हजार वर्षांत एखाद्या वेळी."

"मंग तू कशाची वाट पाहून राह्यली?" असं म्हणून ते हसले आणि पुन्हा शिवायला लागले.

प्रश्न हसण्यावारी गेला, पण नाहीदचं सगळं काम त्याच प्रश्नात होतं. ताऱ्यांच्या प्रचंड मेळ्याला दीर्घिका म्हणतात, आणि जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी असं एक कृष्णविवर असतं. ते एकटं असलं की त्याच्या वाटेवरचे तारे लवकर संपतात. मग नवा तारा चुकून तिकडे वळेपर्यंत ते उपाशी राहतं. पण दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तर? मग एका घरात दोन कृष्णविवरं येतात आणि एकमेकांभोवती फिरत जवळ जवळ येतात. २००२च्या हिवाळ्यात, नाहीद नागपूरला एम.एस्सी. करत असताना, विभागातल्या फलकावर एक बातमी लागली होती. एकाच दीर्घिकेत दोन कृष्णविवरं सापडल्याची. चित्रात धूसर लाल-निळ्या ढगात दोन ठिपके होते, बस. ती बातमी वाचून ती होस्टेलवर आली आणि खोलीतल्या मैत्रिणीला, सिरोंच्याच्या दामिनीला, म्हणाली, "दोन असले तं मधल्या ताऱ्यांचं काय होत असेल ग?"

दामिनी भाताचा डबा उघडत होती. "हाल होत असन," ती म्हणाली.

तिथून पुढे नाहीदला चैन पडली नाही.

तिचे मार्गदर्शक कोहपरे सर निवृत्तीला आले होते. स्वभावाने शांत, पण गणिताच्या बाबतीत भित्रे म्हणावेत इतके सावध. त्याला कारण होतं. पूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याचा निष्कर्ष भर परिषदेत खोटा ठरला होता, आणि तो मुलगा संशोधन सोडून बँकेत लागला होता. तेव्हापासून सर कोणत्याही आकड्याकडे आधी संशयाने पाहत.

नाहीदचा पहिला आकडा आला तो २००८ च्या सुरुवातीला. तिने कृष्णविवरांची जोडी मांडली, भोवती तारे पसरले, आणि प्रत्येक तारा पुढे पुढे चालवला. दुसरं कृष्णविवर एका ठरावीक अंतरावर आलं तशी फाटणाऱ्या ताऱ्यांची संख्या एकदम चढली. दुप्पट-तिप्पट नव्हे. शेकडो पट, आणि काही वेळ त्याहूनही वर. म्हणजे जे हजारो वर्षांत एकदा व्हायचं, ते माणसाच्या आयुष्यात अनेकदा घडावं इतकं.

ती कागद घेऊन नागपूरला गेली. सरांच्या टेबलासमोर खुर्ची होती, पण ती उभीच राहिली.

सरांनी आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "नाहीद, इतकं चढणार नाही."

"सर, मी तीनदा चालवलं."

"तीनदा तीच चूक झाली असेल. तारा कृष्णविवराजवळ येतो तेव्हा त्याचा वेग बघ. तू त्याला मोठमोठ्या पावलांनी चालवते आहेस. त्या एका पावलात तो कुठल्या कुठे उडी मारतो. खरं म्हणजे जो बाजूने निघून जायचा, तो तुझ्या हिशेबात आत पडतो. पावलं बारीक कर."

बोलणं चुकीचं नव्हतं. नाहीदने मान डोलावली. पण पावलं बारीक करायची म्हणजे तेच काम कितीतरी पटीने लांबणार. आणि हे सगळं नबीलच्या कॅफेतल्या एका मशीनवर.

ते वर्ष तिने कसं काढलं ते घुग्घुसवाल्यांनी पाहिलं आहे. कोळसा इथला, पण वीज इथे टिकत नसे. भारनियमनात सकाळची वीज जाई, दुपारची जाई, आणि वेळापत्रकात नसलेली तिसरी वेळही असे. वीज गेली की कॉम्प्युटरची बॅटरी काही मिनिटं कुईकुई करायची, आणि अर्ध्या वाटेवरचे सगळे तारे नाहीसे व्हायचे. दोनदा असं झाल्यावर नाहीदने प्रोग्राम बदलला. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक तारा जिथे असेल तिथे जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा. जो तारा फाटला तो, जो दूर फेकला गेला तोही. भीती अशी की काय टाकावं आणि काय ठेवावं हे ठरवत बसलं तर तेवढ्यातच वीज जायची. म्हणून ती सगळंच ठेवायची. डिस्क भरली की ती सीडीवर उतरवायची, आणि सीड्या खैरुनच्या शिवणकामाच्या पिशवीत टाकायची.

धुळीचा त्रास वेगळा. पंख्यात काळा लोणच्यासारखा चिखल साचे, मशीन तापे आणि बंद पडे. नबील दर रविवारी ब्रशने साफ करी, आणि दर रविवारी कुरकुर करी.

"आपा, शेजारच्या दुकानात पोरं गेम खेळाले जातात. माह्या इथी जागा नाई म्हणून. एवढे तारे फाडून तुले काय भेटणार हाय?"

"फाडणारी मी नाई."

"तू नाई तं कोण? बटन तं तूच दाबते."

ती हसली नाही. तिला खरोखर तसं वाटायला लागलं होतं. एखादा तारा दिवसेंदिवस सरळ चाललेला असे. ती कोरपन्याहून येऊन आधी त्याची ओळ पाही. अजून आहे. दुसऱ्या दिवशी अजून आहे. मग एक दिवस ती ओळच थांबलेली असे, शेवटी एक आकडा, त्याचा अर्थ फाटला. तिला त्या ताऱ्याबद्दल हळहळ वाटे, आणि त्याच वेळी मनात हिशेब होई की अजून एक वाढला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटणं तिला बरं वाटत नसे. मग ती उठून रेल्वे फाटकापर्यंत चालत जाई, तिथून परत येई, पुन्हा जाई. पानठेल्यावरच्या लोकांना वाटे, पोरीचं कुठे लग्न मोडलं असावं. तसं एक स्थळ वर्धेहून आलंही होतं. मुलाने विचारलं, लग्नानंतरही हे करशील का? ती हो म्हणाली. स्थळ पुन्हा आलं नाही, आणि खैरुन आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

बारीक पावलांनी चालवल्यावर आकडा खरंच उतरला. जवळजवळ निम्मा झाला. नाहीदला धास्ती बसली, आता तो उतरतच जाणार. पण आणखी बारीक केल्यावर मात्र तो तिथेच राहिला. त्याहून बारीक केलं, तरी तिथेच. निम्मा आकडासुद्धा प्रचंडच होता.

२००९च्या जानेवारीत ती पुन्हा सरांकडे गेली. सर म्हणाले, "हो, आता बरं दिसतंय. पण एकाच पद्धतीवर विसंबू नको. दुसऱ्या पद्धतीनेही तेच येतं का ते बघ. मग लिहू."

"सर, वर्ष झालं."

"घाईने लिहिलेलं परत घेता येत नाही, नाहीद."

तिने दुसऱ्या पद्धतीने करायला घेतलं. ते काम अर्धं झालं असेल नसेल, तेव्हा उन्हाळा लागला. कॉलेजला सुट्या लागल्या. एका भर दुपारी वीज होती म्हणून ती कॅफेत नव्या संशोधनाची यादी उघडून बसली. म्हणजे उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून. शेजारच्या खोक्यात एक मुलगा आयटीआयचा अर्ज भरत होता. यादीत एक शीर्षक होतं. तिने ते वाचलं. मग उघडलं. परदेशातल्या चार-पाच जणांचं काम. कृष्णविवरांची जोडी, भोवतालचे तारे, फाटण्याचा वेग शेकडो-हजारो पट वाढतो. आलेखाचा चढ तोच. उतारही तोच. त्यांनी मोठमोठ्या यंत्रांवर, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त तारे घेऊन ते केलं होतं.

नबीलने पाहिलं तेव्हा ती तोच आलेख पडद्यावर पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवत होती.

"आपा, काय झालं?"

"झालं," ती म्हणाली. "दुसऱ्यांनी केलं."

तिने ते सगळं छापून घेतलं, घरी जाऊन पिशवीत दोन कपडे टाकले, आणि खैरुनला सांगितलं, "दामिनीकडे जातो."

"अगे सिरोंचाले? या उन्हात? काऊन?"

"इथी बसवत नाई अम्मी."

खैरुनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि अडवलं नाही. पाण्याची बाटली आणि चार पोळ्या बांधून दिल्या.

सिरोंचा म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचं शेवटचं टोक. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीचा पूल, मग आलापल्लीचं जंगल. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांवर पानांच्या गड्ड्या उन्हात ओळीने मांडलेल्या होत्या. एसटी खड्ड्यांतून आदळत होती. आलापल्लीच्या पुढे बाया चढल्या, त्या गोंडीत बोलत होत्या. त्यापुढे चढलेले तेलुगूत. नाहीद खिडकीशी होती, पण तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. एकच विचार घोळत होता. मागच्याच वर्षी लिहिलं असतं तर. पावलं मोठी असतानाच लिहिलं असतं तर तो आकडा चुकलेला ठरला असता, हेही तिला कळत होतं. पण जानेवारीत लिहिलं असतं तर? जानेवारीत तर काही चूक नव्हती.

दामिनी तिथल्या शाळेत शिकवायची आणि आईवडिलांसोबत राहायची. वडील घनश्यामभाऊ गोदावरीत जाळं टाकत, आई भागीरथा मासे विकायची आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज लावायची. नाहीद दारात उभी राहिली तेव्हा दामिनी अंगण झाडत होती. तिने झाडू टाकला.

"कोण मेलं?" ती म्हणाली. मैत्रिणीचा चेहराच तसा होता.

नाहीदने ओसरीवर बसण्याआधीच सगळं सांगितलं. येरझारा घालत, मधे मधे थांबत. भागीरथाबाई आतून ताट घेऊन आल्या. "तिनु अम्मा, तिनु," त्या म्हणाल्या. आधी खा. पोरीला भात वाढला, वर माशाचा लाल रस्सा. नाहीदने घास घेतला आणि मग तिला रडू आलं.

दामिनी समोर बसून ऐकत होती. तिला कुणाची समजूत काढायची सवय नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "एक वर्ष तुये सर म्हणत होते का तुया आकडा चुकला असन."

"हो."

"तुले पण वाटत होतं का चुकला असन."

"कधी कधी. हो."

"अन् आता या लोकायनं, तुले न विचारता, तोच आकडा काढला."

"हो, पण दामिनी..."

"मंग तू बरोबर होतीस. हे कोणं सांगितलं तुले? कोणीच नाई. म्हणून मी सांगून राह्यली. तू बरोबर होतीस."

नाहीद चिडली. "बरोबर असून काय करू? नाव त्यांचं झालं!"

"झालं. ते काई परत येत नाई," दामिनी म्हणाली. "त्याचं रड. पण चुकली म्हणून रडत असशीन तं ते रडणं बंद कर. दोन अलग गोष्टी हायेत."

नाहीदने ताट पुन्हा पुढे ओढलं. त्यातला भात तिने संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिघी टरबुजाच्या वाडीत गेल्या. उन्हाळ्यात गोदावरी बरीच आत सरकते. मधे वाळूच वाळू, आणि वाळूत हिरव्या वेलींचे पट्टे. भागीरथाबाई वेलींना पाणी घालत होत्या. त्यांनी आदल्या दिवशीचं बोलणं अर्धवट ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई, ते तारे फाटतात म्हणतेस. त्यायच्या अंगाखांद्यावर आपल्यासारखे लोक राह्यत असतीन का?"

"ताऱ्यावर नाई मावशी. पण भोवती एखादी पृथ्वी असेल, तं... माहीत नाई."

"मंग त्यायले समजत असन का आधी?"

 इतकी वर्षं नाहीद फाटणारे तारे मोजत होती, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तारा जवळ जात असताना त्याच्या आकाशात ती दोन्ही कृष्णविवरं दिसली असती का, भोवतालच्या तप्त वायूमुळे तरी? ती वाळूत इकडून तिकडे चालत राहिली. भागीरथाबाई आपल्या कामाला लागल्या. त्यांना उत्तराची घाई नव्हती.

दुपारी ओसरीवर पंखा बंद होता. नाहीदने छापील कागद काढले. आतापर्यंत तिने ते दोनदा वाचले होते, दोन्ही वेळा रागाने, स्वतःचं काम किती गेलं ते मोजत. या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. काम चोख होतं. तिला जे जमलं नव्हतं ते त्यांनी सुंदर केलं होतं. हे मान्य करणं तिला जड गेलं, आणि थोडं मोकळंही वाटलं. शेवटी शेवटी एक परिच्छेद होता. कृष्णविवरांची जोडी काही ताऱ्यांना फाडते, पण त्याहून कितीतरी जास्त ताऱ्यांना दूर भिरकावते. त्यातले जे दीर्घिकेच्या बाहेर सुटत नाहीत, ते कधीतरी परत मध्याकडे येतील. त्यांचा हिशेब इथे धरलेला नाही, असं लिहिलं होतं.

नाहीदने तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग उठली.

"दामिनी, पहिली एसटी कधी हाय?"

"कालच तं आलीस!"

"फेकलेले तारे. त्यायनं ते सोडून दिले. माह्याकडे हायेत. सगळे. वीज जाईन म्हणून मी काहीच टाकलं नव्हतं. सीड्या अम्मीच्या पिशवीत पडल्या हायेत."

दामिनीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "निदान टरबूज तं घेऊन जा," ती म्हणाली.

नाहीद घुग्घुसला पोचली त्याच्या चारेक दिवसांनी कोहपरे सर स्वतः आले. त्या परदेशी लेखाचं नबीलने त्यांना फोनवर सांगितलं होतं. सर एसटीतून उतरले, विचारत विचारत बाबूभाईंच्या दुकानाशी पोचले, तोवर त्यांचा पांढरा शर्ट खांद्यावर करडा झाला होता. बाबूभाईंनी घाईघाईने ताडपत्री बाजूला सारून स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला. नाहीद कॅफेतून धावत आली.

सर स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "मी तो लेख वाचला."

"हो सर."

"जानेवारीत तू म्हणालीस, लिहू या. मी थांबवलं."

बाबूभाई सगळं ऐकत होते. मुलगी सिरोंच्याला का गेली होती ते त्यांना नबीलकडून कळलं होतं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि आवाज न चढवता विचारलं, "सर, एक विचारू? मले शिक्षणातलं समजत नाई. चूक कोणाची होती?"

नाहीद म्हणाली, "अब्बा!"

"माझी," सर म्हणाले. "पहिल्या वेळी नाही. पहिल्या वेळी हिचं गणित खरंच कच्चं होतं. पण जानेवारीत माझी. मला हिच्या आकड्याची भीती नव्हती, बाबूभाई. मला जुन्या एका गोष्टीची भीती होती, आणि ती मी हिच्या डोक्यावर ठेवली."

चहा आला. कुणीच लगेच कप उचलला नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाबरोबर स्टूल हलत होतं. मग बाबूभाईंनी कप सरांच्या हातात दिला. "घ्या. थंडा होते," ते म्हणाले. "बोलले ते बरं झालं. लोक बोलत नाई."

नाहीदला सरांवर ओरडायचं होतं. सिरोंच्याच्या वाटेवर तिने वाक्यं जुळवली होती. ती आता सगळी निरुपयोगी झाली. राग गेला नव्हता, पण त्याला धरून बसायला वेळ नव्हता. ती म्हणाली, "सर, फेकलेले तारे परत येतात. मी मागचे सगळे मार्ग काढून पाहिले. काही दुसऱ्या फेरीत फाटतात. काही तिसऱ्या. तुम्ही येता का बघायला?"

सर उठले. चहा तसाच हातात होता. दोघं कॅफेकडे चालत गेले. ती पुढे, ते मागे, आणि ती बोलतच होती.

ते काम पावसाळाभर चाललं. परत येणाऱ्या ताऱ्यांमुळे फाटण्याचा आकडा फार वाढत नव्हता. खरं सांगायचं तर नाहीदने आशा केली होती त्यापेक्षा बराच कमी वाढत होता. पण तारे फाटण्याचा काळ लांबत होता. जोडीच्या आसपासचे तारे संपले, आता शांतता, असं वाटावं तेव्हा मागे भिरकावलेले एकेक करून परतत होते. या वेळी सरांनी थांबवलं नाही. उलट तीच म्हणाली, एकदा आणखी बारीक पावलांनी पाहू. सर हसले आणि हो म्हणाले. नबीलने स्वतःच्या पैशाने जुनं दुसरं मशीन आणून त्याच्या शेजारी ठेवलं, आणि गिऱ्हाइकांना सांगू लागला, "ते दोन्ही खराब हायेत."

लेख लहान होता. त्यात पहिल्या पानावरच त्या परदेशी मंडळींच्या कामाचा उल्लेख होता. तो लिहिताना नाहीदचा हात एकदा अडखळला, मग तिने लिहून टाकलं. लेख स्वीकारल्याचं कळलं तेव्हा ती भोयेगावच्या पुलावर काळीपिवळीत होती, समोर ट्रकांची रांग, आणि फोनवर नबीलचा आवाज खाली-वर होत होता. ती गाडीतून उतरली आणि रांगेच्या कडेने चालायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, कुठी चालल्या?" तिने हात हलवला. गाडी सुटून तिच्यापर्यंत येईतो ती बरीच पुढे गेली होती.

डिसेंबरात नागपूरला प्रबंध सादर करण्याआधीचं तिचं व्याख्यान झालं. बाबूभाई सोबत आले होते, इस्त्रीचा कुर्ता घालून, शेवटच्या रांगेत. श्रोते मोजकेच होते. एका प्राध्यापकाने विचारलं, "एवढ्याशा यंत्रावर, इतक्या थोड्या ताऱ्यांवर, तुम्ही हे खात्रीने कसं म्हणता?"

"खात्रीने म्हणत नाही सर," नाहीद म्हणाली. "इतक्या ताऱ्यांत असं दिसलं, एवढंच म्हणते. कुणी जास्त तारे घेऊन माझं चूक ठरवलं तर मला ते वाचायला आवडेल."

हे बोलताना तिला जाणवलं की हे तिने शिष्टाचार म्हणून म्हटलेलं नाही. खरोखर आवडेल. आणि त्रासही होईल. दोन अलग गोष्टी.

परतीच्या वाटेवर, नागपूरच्या स्टँडवर, चंद्रपूरची गाडी लागायची होती. बाबूभाई बाकावर बसले होते. त्यांनी आज पहिल्यांदा मुलीला एवढ्या लोकांसमोर बोलताना ऐकलं होतं. अर्धं इंग्रजीत होतं. त्यांना आलेखाचा चढ तेवढा लक्षात राहिला होता.

"तं आता झालं?" त्यांनी विचारलं. "संपलं तुयं काम?"

"हे संपलं."

"मंग त्या दोघायचं शेवटी काय होते? फिरतच राह्यतात?"

"नाई. जवळ येत येत एक होतात. अन् एक होताना असा धक्का बसतो का कधी कधी ते एक झालेलं कृष्णविवर आपल्या जागेवरून फेकलं जाते. काही तारे सोबत घेऊन."

"कुठी?"

"तेच तं माहीत नाई अब्बा. कुठे, किती दूर, सोबत किती तारे, ते पुढे फाटतात का वाचतात." ती बाकासमोर फेऱ्या घालायला लागली होती. "हे मोजायले मात्र नबीलचं मशीन पुरणार नाई. पुण्याले एक संस्था हाय. सर म्हणतात विचारून पाहू."

बाबूभाईंनी तिला थोडा वेळ तशी चालताना पाहिलं.

"पुणे लई दूर हाय," ते म्हणाले.

"हो."

"अम्मीले मी सांगतो," ते म्हणाले, आणि गाडी फलाटाला लागत होती म्हणून पिशवी उचलून उभे राहिले.